हत्ती मी पाहिला होता

आता हे कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला? थांबा, आधी चहाचे दोन घोट घेऊ द्या. तोंड भाजलं तरी चालेल, तेवढाच सांगायला उशीर.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी परवा एक फलक लागलाय. कोणा दादाचा वाढदिवस. मधे दादा, हात जोडलेले, आणि भोवती सतरा थोबाडं, सगळी शुभेच्छा देणारी. शेजारी दुसरा फलक, कोणाची तरी जयंती. त्याच्या शेजारी तिसरा, कोणाची तरी पुण्यतिथी. अरे, जन्मायला काय लागतं? आणि मरायला तर काहीच लागत नाही! तरी ह्यांचे हार, ह्यांचे पेढे, ह्यांची भाषणं. आमचा नातू म्हणतो, "आजोबा, तुम्हाला हर चीज में खोट दिसते." दिसते बाबा. कारण तारखा कशा तयार होतात ते मला ठाऊक आहे. मी स्वतः केल्यात. हातानं. खडूनं.

आणि त्यातल्याच एकीनं माझा असा बोऱ्या वाजवला की विचारू नका.

राज्य विलीन झालं तेव्हाची गोष्ट. महाराज होते तोवर सगळं सरळ होतं. महाराजांचा वाढदिवस आला की सुट्टी, मिठाई, संपलं. मग मध्य भारत नावाचं नवं राज्य झालं. ग्वाल्हेर आणि इंदूर, दोघांचा एक संसार मांडून दिला. आता राजधानी कुठं? तर हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर! सरकार आहे का माहेरवाशीण? सहा महिने झाले की पेट्या भरायच्या, फायली बांधायच्या, आणि चाललं सरकार. पेट्या कोण उचलणार? आम्ही.

आम्ही म्हणजे मी, भिकाजी, ग्वाल्हेरात बाड्याच्या चौकाजवळच्या एका सरकारी दफ्तरात चपराशी. बाप पागेत होता, घोड्यांमधे. मी लहानपणी तिथंच असायचो, म्हणून शाळा तिसरीपर्यंत आणि पुढचे दोन दात घोड्याच्या लाथेपर्यंत. केस तिसाव्या वर्षीच पांढरे झाले. हे लक्षात असू द्या, की मी अडतीस वर्षांचा असताना बघणारा मला "बाबा" म्हणायचा. पण अक्षर माझं मोत्यासारखं होतं. काय लिहायचं ते कळायचं नाही, पण लिहिलेलं दिसायचं झक्क.

ह्या अक्षरानंच घात केला.

नवे साहेब आले. तरणेबांड, बाहेरगावचे. आल्या आल्या म्हणाले, जनतेला इतिहास कळला पाहिजे. आमच्याकडं जनता येते ती जमिनीची नक्कल मागायला! पण नाही. व्हरांड्यात काळा फळा लावला आणि हुकूम सोडला, रोज सकाळी 'आज का दिन' लिहायचा. कोण जन्मलं, कोण वारलं, काय झालं. मजकूर बडे बाबूंनी द्यायचा, लिहायचा मी.

बडे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क, नाना. आजा-पणजा दरबारात, त्यामुळे नानांची मान अजून तशीच ताठ. पण पोट बिघडलेलं. आठवड्यातले चार दिवस नाना अकराच्या आत परसाकडून बाहेर पडायचे नाहीत. साहेब दहाला यायचे. मग फळा कोरा, आणि बोलणी मला!

एके दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, कोण वाचतंय मेलं? आमच्या पाणक्याचा बैल, गेंदालाल, आठ दिवसांपूर्वी फाटकाशीच मेला होता. घेतला खडू आणि लिहिलं. फळा हिंदीत असायचा, तुम्हाला आपला मराठीत सांगतो: "आज श्री गेंदालालजी यांचे स्मरण. वीस वर्षे रियासतीची अखंड सेवा. कर्तव्यावर असताना उभ्यानेच प्राण सोडला."

साहेब आले. वाचलं. हॅट काढली! म्हणाले, "ऐसे लोगों की वजह से देश खड़ा है." आणि सगळ्या दफ्तराला एक मिनिट उभं केलं. नाना तेवढ्यात पोट धरून पोचले होते, तेही उभे. बैलाला मरताना मिळाला नसेल एवढा मान मेल्यावर मिळाला. पाणक्या तर कोपऱ्यात रडत होता, खरंखुरं.

मग काय, मला चटकच लागली. ज्या कारकुनानं लोकांना पहिल्यांदा "उद्या या" म्हणून सांगितलं त्याचा जन्मदिवस. दाल बाजारात डाळीत पहिला खडा मिसळणाऱ्याची शताब्दी. दक्षिणेतून आलेली मेतकुटाची पहिली बरणी नर्मदा उतरली तो दिवस. आणि एक आपलं, "आजच्या दिवशी चाळीस वर्षांपूर्वी एका बकरीने लग्नाची पत्रिका खाल्ली, वरात भलत्याच घरी गेली, आणि तिथल्याच मुलीशी लग्न लागले."

तुम्हाला वाटेल कोणी तरी हसलं असेल. छे! लोक वाचायचे, मान हलवायचे आणि आत जायचे. फळ्यावर लिहिलंय म्हणजे झालंच असणार. नानांना समजलं होतं, पण नाना बोलतील कसे? बोलले असते तर सकाळी स्वतः कुठं असतात तेही सांगावं लागलं असतं.

अशात इंदूरहून वसंतराव आले, बदलीवर. मराठीच, पण इंदूरचं मराठी. जाड चष्मा, बगलेत वही. येताच फळ्यासमोर उभे राहिले, त्या दिवशी नेमकी ती बकरीच होती, आणि वहीत सगळं उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही.

"हे काय करता?" मी विचारलं.

"भिकाजीराव, मी इथं नवा. इथला इतिहास ठाऊक पाहिजे ना. तसं आमच्या इंदुरात इतिहास फार. इथं जरा कमीच दिसतो."

कमी? आमच्याकडं? किल्ला डोक्यावर घेऊन बसलेल्या गावाला हा सांगतो कमी!

दुसऱ्या दिवशी मी खडू असा दाबला की मोडला. लिहिलं: "आज पन्नास वर्षे झाली. महाराजांचा हत्ती दाणाओळीतल्या विहिरीत पडला. विहिरीत पाणी ओतून ओतून तिसऱ्या दिवशी हत्ती तरंगत वर आला."

वसंतराव चष्मा पुसून म्हणाले, "हत्ती? विहिरीत मावेल कसा?"

"तुमच्या इंदूरच्या विहिरीत नाही मावणार. आमच्या विहिरी ग्वाल्हेरच्या आहेत."

"ऐकीव गोष्ट असेल हो."

"ऐकीव? ह्या डोळ्यांनी पाहिलाय!"

बोलून गेलो. दहा माणसं उभी होती. आता मागं कसं येणार?

"तुम्ही? तेव्हा केवढे होतात?"

"आठ वर्षांचा. बापाचं बोट धरून गेलो होतो. हत्तीच्या कानावर शेवाळ होतं, अजून आठवतं."

वसंतरावांनी माझ्या पांढऱ्या केसांकडं बघितलं, दात नसलेल्या तोंडाकडं बघितलं, आणि वहीत लिहिलं. "प्रत्यक्षदर्शी – भिकाजी, चपराशी. तेव्हा वय आठ." खाली रेघ मारली. मी मिशीला पीळ दिला. इंदूरला धूळ चारली की नाही?

अहो, गाढव होतो मी. नुसता गाढव.

तो हत्ती मग गावात सुटला. महिन्याभरात दाणाओळीत लोक विहीर दाखवायला लागले. कठड्याचा एक दगड पूर्वीपासून फुटका होता, तो हत्तीच्या सुळ्यानं फुटला असं ठरलं. बायका तिथं हळदकुंकू वाहायला लागल्या. शेजारणीनं आमच्या आईला विचारलं, "काकू, तुमचा भिकू होता म्हणे तिथं?" आईनं घरी मला विचारलं, "का रे, तो हत्ती पडला होता ना?" खरं सांगितलं असतं तर तासभर बोलणी खावी लागली असती. मी म्हटलं, "हो हो, पडला होता." आई म्हणाली, "मला वाटतच होतं. अंधुक अंधुक आठवतंय."

चार महिन्यांत तिचं अंधुक जाऊन लख्ख झालं. हळदीकुंकवाला तिला आधी बोलावणं. वाडगाभर हरभरे ओटीत घेऊन बसायची आणि हत्ती काढायची विहिरीतून. मीही म्हटलं, म्हातारीचा वेळ जातोय, जाऊ दे.

अशी दोन वर्षं गेली. आणि आला तो हुकूम.

दोन्ही रियासतींची माणसं एका नोकरीत घ्यायची होती. माणसं झाली जास्त. म्हणून ज्याचं वय पंचावन्नच्या वर, तो घरी. शाळेचा दाखला असेल तर ठीक. पण आम्हा चपराशांकडं कसला दाखला? आमचे जन्म म्हणजे "प्लेगच्या आधी" नाहीतर "मोठ्या पावसानंतर". तर सरकारनं तोड काढली: ज्याच्याकडं कागद नाही त्यानं एखादी माहीत असलेली जुनी घटना सांगावी आणि घरचं कोणी वडीलधारं असेल तर त्याची साक्ष आणावी. त्यावरून जन्मतारीख कायम.

आणि तपासणीला कोण? वसंतराव. का? तर दफ्तरात स्थानिक इतिहासाची वही फक्त त्यांच्याकडं!

माझ्या घरात तेव्हा चार पोरं, बायको, आई. नोकरी गेली तर घोड्याची लीद काढायलाही जागा नव्हती, पागाच बंद झालेली. पण मला काळजी काय? अडतिशीचा माणूस मी. सतरा वर्षं बाकी.

माझ्या आधी रामदीनचा नंबर होता. रामदीन म्हणजे फाटकावरचा म्हातारा चौकीदार. साठीच्या पुढं कधीच गेलेला, पण मिशीला खिजाबाचा काळा रंग लावून आला होता. हात जोडून म्हणाला, "हुजूर, अम्मा बताती थीं, जिस दिन बकरी ने न्योता खाया था, उसी दिन हम पैदा हुए."

वसंतरावांनी वही उघडली. बोट फिरवलं. "बकरी, पत्रिका, वरात... हां, बरोबर. तेव्हा चाळीस, वर दोन. बेचाळीस." खटकन शिक्का!

रामदीन बाहेर येऊन माझ्या पाया पडायला लागला. मी हसून हसून बेजार. म्हटलं, माझ्या एका खडूनं ह्याची वीस वर्षं पुसली!

"भिकाजीराव, या."

मी ऐटीत गेलो. वसंतरावांनी वहीत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. चेहरा पडला त्यांचा.

"भिकाजीराव, वाईट वाटतं हो. तेव्हा पन्नास, तुमचं वय आठ, वर दोन. साठ होतात."

"कोणाचे?"

"तुमचे."

"डोकं फिरलं का? अडतीस आहेत माझे!"

"मग हत्ती कसा पाहिलात?"

आता बोला! म्हटलं, आता खरं सांगून मोकळं व्हावं. "वसंतराव, हत्ती वगैरे काही न—"

इतक्यात मागून नानांनी माझा सदरा असा ओढला की बटण तुटलं. कोपऱ्यात घेऊन गेले. "भिक्या, तोंड उघडलंस तर याद राख! हत्ती खोटा म्हणजे सगळा फळा खोटा. मग साहेबांनी बैलासाठी हॅट काढली ते बाहेर येईल. तुला काढतील, मला काढतील, आणि साहेबांची तर शोभाच."

तिकडून रामदीन आला, डोळ्यांत पाणी. "भैया, हाथी गिरा तो हमारी बकरी भी जाएगी. दो बेटियाँ ब्याहनी हैं."

"अहो, मग मी काय मरू?"

नाना म्हणाले, "हत्ती राहू दे. तू तेव्हा नव्हतास एवढंच सिद्ध कर. तुला आठवण्यात चूक झाली, संपलं. आईला आण. आई सांगेल तुझं वय. आईच्या शब्दापुढं वही काय करणार?"

पटलं मला. नानांचं पोट वाईट, पण डोकं बरं होतं.

घरी जाऊन आईला पढवलं. "उद्या दफ्तरात चलायचंय. विचारतील, मुलगा केवढा? तू म्हण, अडतीस. हत्तीचं नाव काढायचं नाही. विचारलं तरी म्हणायचं, तेव्हा हा पोटातही नव्हता. माझी नोकरी आहे त्यावर, कळलं?"

"कळलं रे. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

दुसऱ्या दिवशी आई ठेवणीतलं नऊवारी नेसून टांग्यात बसली. दफ्तरात वसंतरावांनी उठून खुर्ची दिली. "बसा मावशी. पाणी घेता?"

आई खूश. म्हणाली, "इंदूरचे ना तुम्ही? तरीच बोलणं गोड."

"मावशी, भिकाजीरावांचं वय काय?"

"अडतीस." अगदी ठाम! मी मनात देवाला नारळ बोलून टाकला.

"आणि हत्ती पडला तेव्हा?"

"तेव्हा हा पोटातही नव्हता."

झालं! जिंकलो! नाना खिडकीतून बघत होते, त्यांनी डोळे मिटून श्वास सोडला.

वसंतरावांनी लेखणी उचलली, दौतीत बुडवली, आणि सहज, अगदी सहज, स्वतःशीच पुटपुटल्यासारखे म्हणाले, "म्हणजे दहा माणसांसमोर भिकाजीराव खोटं बोलले."

आईची मान वळली.

"कोण खोटं बोललं?"

"नाही म्हणजे मावशी, ते म्हणाले होते, ह्या डोळ्यांनी हत्ती पाहिला म्हणून. ते खोटंच झालं ना?"

"माझा मुलगा खोटा?" आई उभीच राहिली. "अहो, माझा मुलगा मठ्ठ असेल, चिडका असेल, पण खोटं त्याला शिवलेलं नाही! होता हा तिथं! माझा पदर धरून उभा होता! 'मला त्याच्यावर बसव' म्हणून भोकाड पसरलं होतं! ह्याच्या बापानं तिथंच एक ठेवून दिली! पाहिला म्हणजे पाहिला! आम्ही सगळ्यांनी पाहिला!"

"आई!" मी ओरडलो.

"तू गप रे! इंदूरहून येऊन माझ्या लेकाला खोटं ठरवतात!"

मी हात जोडले, डोळे वटारले, खोकलो. काही उपयोग नाही. दोन वर्षांच्या हळदीकुंकवांचा सराव होता तिला. हत्तीला विहिरीतून पुरता वर काढूनच ती खाली बसली.

वसंतराव लिहीत होते. मग थांबले. "मावशी, तुमचं स्वतःचं वय?"

"असेन साठेक."

"मग मुलगाही साठ आणि आईही साठ कशी?" त्यांनी बोटांवर मोजलं. "तुम्ही अठ्ठ्याहत्तर तरी असणार."

आई विचारात पडली. मला वाटलं, आता तरी हिच्या डोक्यात उजेड पडेल. आई म्हणाली, "असेन हो. गुडघे फार दुखतात अलीकडं."

खटकन शिक्का!

साहेबांनी सही करताना माझा हात हातात घेतला. म्हणाले, "आप जैसे बुज़ुर्गों की वजह से देश खड़ा है." बैलाला जे बोलले होते तेच, शब्द न शब्द. फरक एवढाच की बैलासाठी सगळं दफ्तर उभं राहिलं होतं. माझ्या वेळी साहेबांना दुसरीकडं जायचं होतं.

परत निघालो. टांगा बाड्यावरून वळला तेव्हा माझ्यानं राहवेना. घरी चार पोरं वाट बघत होती आणि त्यांचा बाप सकाळी अडतिशीचा निघून दुपारी पेन्शनीत परत येत होता.

"आई, काय केलंस हे! नोकरी गेली माझी! अगं, हत्ती नव्हताच! मी फळ्यावर लिहिला होता, मनानं!"

आईनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. राग नाही, काही नाही. कीव होती नुसती.

"तू? मनानं? अरे, एवढा हत्ती मनानं रचायचं डोकं तुला असतं तर चपराशी झाला असतास का? उगाच काहीतरी बोलू नकोस."

"आई, शपथ घेतो—"

एवढ्यात टांगेवाल्यानं लगाम ओढला आणि मागं वळून म्हणाला, "अम्माजी ठीक कह रही हैं, बाबा. हमारे अब्बा ने ख़ुद रस्सा पकड़ा था. पिछली टाँग वाला."

"बघ!" आई म्हणाली.

मी टांगेवाल्याला म्हटलं, हाक टांगा. साठीच्या माणसानं भर रस्त्यात वाद घालू नये.